ऑब्झर्वेशनची वही कुणाची? सांख्यिकीच्या एका मॅडमचं प्रकरण

मी एका विद्यापीठाच्या टीचिंग-लर्निंग सेंटरमध्ये काम करते. म्हणजे प्राध्यापकांना शिकवणं सुधारायला मदत करायची, हे माझं काम. आधी बरीच वर्षं स्वतः केमिस्ट्री शिकवायचे, तिथून इकडे आले. हे प्रकरण लिहायला मॅडमनी परवानगी दिलीय, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील मी बदललेत. आणि आधीच सांगून टाकते, यातली सगळ्यात मोठी चूक माझी आहे, मॅडमची नाही.

मॅडम सांख्यिकी शिकवतात. पण सांख्यिकी घेतलेल्या पोरांना नाही, तर सायकॉलॉजी, बायोलॉजी, कॉमर्स अशा सगळीकडून आलेल्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांना, ज्यांना हा पेपर कंपल्सरी आहे म्हणून ती बसतात. वर्गात शंभरच्या वर डोकी. मॅडमचा आवाज खणखणीत, बोर्डवरचं अक्षर सुंदर, गणित सोडवायला घेतलं की एकही खाडाखोड न करता खालपर्यंत जाणार आणि उत्तराला चौकट. फीडबॅक फॉर्मवर विभागात कायम पहिल्या दोन-तिघांत नाव. आणि तरी दर वर्षी या पेपरला नापास होणाऱ्यांची रांग लागायची. शिक्षक इतका चांगला आणि निकाल असा, हे कुणाला खटकायचंही नाही, कारण सगळ्यांकडे एक उत्तर तयार होतं, पोरांचं गणितच कच्चं आहे.

मग विभागाला नवीन एचओडी आले. त्यांनी निकालाचे आकडे बघितले आणि मॅडमना म्हणाले, जरा सेंटरला जाऊन या. त्या 'जाऊन या'ने पहिल्याच दिवशी अर्धा खेळ बिघडवला. कारण सेंटरला 'पाठवलं' म्हणजे काहीतरी कमी आहे असाच अर्थ निघतो, आणि खुशीने येणारा माणूस आणि पाठवलेला माणूस यांच्याशी बोलणं फार वेगळं असतं. मॅडम आल्या त्या फाईल घेऊनच. आत पाच वर्कशॉपची सर्टिफिकेटं, तीन वर्षांचे फीडबॅकचे प्रिंटआऊट. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "मला फक्त सांगा कुठला कोर्स करायचाय आणि सर्टिफिकेट कधी मिळेल, माझं प्रमोशनचं वर्ष आहे."

मी विचारलं, या पाच वर्कशॉपनंतर वर्गात काय बदललं? त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग प्रामाणिकपणे म्हणाल्या, स्लाईडचा फॉन्ट मोठा केला.

मला हसू आलं, पण त्यांचं काही चुकलं नव्हतं. एका दिवसाचं वर्कशॉप म्हणजे काय असतं, कुणीतरी बाहेरून येतं, छान बोलतं, दुपारी एक ॲक्टिव्हिटी होते, ग्रुप फोटो होतो, आणि दुसऱ्या दिवशी आपण परत आपल्या त्याच वर्गात, तीच पोरं, तोच सिलॅबस, तोच वेळेचा तुटवडा. नवीन काही करून बघताना अडलं की विचारायला कुणी नसतं. ब्रिटनमध्ये ॲडव्हान्स एचई या उच्च शिक्षणातल्या संस्थेची शिक्षकांसाठी जी फेलोशिप आहे, असोसिएट फेलोपासून प्रिन्सिपल फेलोपर्यंत चार पायऱ्यांची, तिच्यात निदान एवढं आहे की किती कोर्सला बसलात यावर ती मिळत नाही, स्वतःच्या वर्गात काय केलंत आणि ते का केलंत याचे पुरावे मांडावे लागतात. आमच्याकडे मात्र फाईलमध्ये कागद किती जाड झाले हेच बघायची सवय.

तर मी म्हणाले कोर्स नको, मी तुमच्या दोन तासांना मागे बसते. त्यांनी विचारलं, बसून काय लिहिणार? मी म्हणाले, चांगलं-वाईट काही नाही, फक्त काय होतंय ते. हे शब्द मला नंतर फार महागात पडले, कारण 'काय लिहिणार'चं उत्तर मी दिलं, 'कुणाला दाखवणार' हे त्यांनीही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

यासाठी मी कोपस नावाची पद्धत वापरते. २०१३ मध्ये मेन विद्यापीठ आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या लोकांनी मिळून ती तयार केली, त्यांत नोबेल मिळालेले फिजिक्सवाले कार्ल वीमन पण होते. पद्धत साधी आहे. तासाचे दोन-दोन मिनिटांचे रकाने पाडायचे आणि प्रत्येक रकान्यात खूण करायची की शिक्षक काय करतोय (बोलतोय, बोर्डवर लिहितोय, प्रश्न विचारतोय, फिरतोय) आणि पोरं काय करतायत (ऐकतायत, विचार करतायत, एकमेकांशी बोलतायत, उत्तर देतायत). शिकवणं भारी की रटाळ असलं मत कुठेच द्यायचं नाही. पन्नास मिनिटांच्या तासाचे पंचवीस रकाने होतात, आणि भरलेला कागद समोर ठेवला की बहुतेक शिक्षक आधी म्हणतात, हे माझं नसेल.

मॅडमपण तेच म्हणाल्या. त्यांची ठाम समजूत होती की आपला वर्ग फार इंटरॅक्टिव्ह आहे, मी सारखे प्रश्न विचारते. आणि खरंच विचारत होत्या! मी मोजले, तासाला तीसच्या आसपास प्रश्न. पण पोरांच्या बाजूच्या रकान्यांत जवळपास सगळीकडे एकच खूण, ऐकतायत. प्रश्न विचारला की सेकंदभरात पहिल्या बाकावरची तीच चार पोरं उत्तर देणार, नाहीतर मॅडम स्वतःच देणार, "बरोबर, म्हणजे इथे काय येईल, वाय बार येईल." मेरी बड रो नावाच्या बाईंनी १९७० च्या दशकातच हे मोजून ठेवलंय, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि हेच थांबणं तीन सेकंदांच्या वर नेलं की उत्तरं लांब होतात, जास्त पोरं बोलायला लागतात. ऐकायला किती सोपं वाटतं. तीन सेकंद! शंभर जणांसमोर तीन सेकंद गप्प उभं राहून बघा, घाम फुटतो. मॅडमनी मग पायाची बोटं बुटात एकेक दाबून मोजायची युक्ती काढली, पाच बोटं झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

पण फक्त थांबून भागणार नव्हतं. खरा उलगडा झाला पोरांशी बोलल्यावर.

सेमिस्टरच्या मध्यावर आम्ही एक गोष्ट करतो. शिक्षक वर्गाबाहेर जातो, सेंटरचं कुणीतरी आत जातं, पोरांचे छोटे गट करून त्यांना साधारण तीन गोष्टी विचारायच्या, शिकायला कशाची मदत होतेय, काय आड येतंय आणि काय बदलता येईल. गटात एकमत झालेलंच सांगायचं, म्हणजे एखाद्याचा वैयक्तिक राग बाजूला पडतो. जोसेफ क्लार्क यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू केलेली ही पद्धत, आता बऱ्याच ठिकाणी चालते. सेमिस्टर संपल्यावरच्या फॉर्मचा त्या पोरांना काहीच उपयोग नसतो, पुढच्या बॅचला झाला तर झाला, इथे मात्र निम्मा कोर्स अजून हातात असतो.

मॅडमबद्दल पोरं भरभरून बोलली, मॅडम छान, कधी चिडत नाहीत, नोट्स मस्त. मग एका गटातली मुलगी म्हणाली, "वर्गात सगळं कळतं, घरी वही उघडली की पहिली ओळसुद्धा सुचत नाही." आणि सगळा वर्ग हो हो म्हणायला लागला. मी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

संध्याकाळी मॅडमना ते वाचून दाखवलं. याआधी माझा त्यांना रिसर्च दाखवून झाला होता. २०१४ चा फ्रीमन आणि सहकाऱ्यांचा पेपर, सायन्स-इंजिनिअरिंग-गणिताचे २२५ अभ्यास एकत्र केलेला, नुसत्या लेक्चरमध्ये नापासांचं प्रमाण ३३.८ टक्के आणि पोरांना स्वतः विचार आणि चर्चा करायला लावणाऱ्या वर्गात २१.८. त्यावर मॅडमचा पहिला प्रश्न, "पब्लिकेशन बायस तपासलाय का?" म्हणजे अनुकूल निकाल आलेलेच अभ्यास छापून येतात, तो दोष. (सांख्यिकीवालीला मेटा-ॲनालिसिस, म्हणजे अनेक अभ्यासांचा असा एकत्र हिशेब, दाखवायला गेल्यावर दुसरं काय होणार.) तपासलाय म्हटलं. मग २०११ चा ब्रिटिश कोलंबियाचा प्रयोग सांगितला, फिजिक्सचे दोन मोठे वर्ग, एका आठवड्यासाठी एकीकडे अनुभवी, पोरांमध्ये लोकप्रिय प्राध्यापकाचं लेक्चर आणि दुसरीकडे नवखा पण या पद्धतीत तयार केलेला शिकवणारा, नंतरच्या टेस्टमध्ये पहिल्यांची सरासरी ४१ टक्के आणि दुसऱ्यांची ७४. मॅडम म्हणाल्या, एकाच आठवड्याचं आहे आणि टेस्ट कुणी काढली ते बघावं लागेल. शंका रास्त होती. पेपर वाचून कुणी आपलं शिकवणं बदलत नाही, मी तरी अजून पाहिलं नाही. पण ते 'घरी पहिली ओळसुद्धा सुचत नाही' ऐकलं आणि त्या खुर्चीत मागे रेलल्या. म्हणाल्या, "म्हणजे मी इतकं गुळगुळीत सोडवते की त्यांना वाटतं त्यांनीच सोडवलं."

एवढं नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

मग आम्ही ठरवलं की तासाला फक्त एक प्रश्न. हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक मझूर १९९१ पासून वापरतात तीच रीत, आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करून मत द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग परत मत. पहिल्या वेळी साधारण ३० ते ७० टक्के बरोबर आले तरच चर्चा लावायची. त्याहून कमी असतील तर आधी परत समजावायचं, जास्त असतील तर पुढे जायचं. ॲप नको, बटण दाबून उत्तर द्यायचे क्लिकर नकोत, चार रंगांची कार्डं, प्रत्येक पर्यायाला एक रंग.

पहिला प्रयत्न फसला. प्रश्न इतका सोपा की सगळा वर्ग हिरवा. दुसरा इतका अवघड की पोरांनी इकडे तिकडे बघून बहुमताचा रंग वर केला. आणि 'आता शेजाऱ्याशी बोला' म्हटल्यावर शंभर जणांचा वर्ग चिडीचूप, कारण दीड महिना मॅडमनी त्यांना न बोलताच बसायची सवय लावली होती. त्या दिवशी वर्गातून बाहेर येताना मॅडम मला म्हणाल्या, "दहा मिनिटं वाया गेली, दोन गणितं झाली असती." मला वाटलं संपलं आता.

तिसरा प्रश्न मात्र लागला. पी व्हॅल्यूवरचा. एका प्रयोगात पी व्हॅल्यू ०.०३ आली, याचा अर्थ काय? लाल कार्ड म्हणजे नल हायपोथिसिस ('मुळात काही फरकच नाही' हे गृहीतक) खरी असायची शक्यता ३ टक्के. पिवळं म्हणजे प्रयोग परत केला तर ९७ टक्के वेळा हाच निकाल येईल. निळं म्हणजे आपला निष्कर्ष चुकायची शक्यता ३ टक्के. आणि हिरवं म्हणजे नल हायपोथिसिस खरी धरली, तर इतका किंवा याहून टोकाचा डेटा मिळायची शक्यता ३ टक्के. बरोबर आहे ते हिरवं, आणि वर्ग बघावा तर लालेलाल. हिरवी दिसत होती, पण वर्गाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नसतील. पोरांना हसायचं कारण नाही, हा घोळ पीएचडीवाले आणि संशोधन करणारेही घालतात, इतका की अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ मध्ये पी व्हॅल्यू म्हणजे काय नाही यावर निवेदन काढावं लागलं.

मग चर्चा. मी मागे बसले होते, माझ्या पुढच्या बाकावर एक मुलगा आपल्या लाल कार्डावर अडून बसलेला आणि शेजारची मुलगी त्याला सांगतेय, अरे 'धरली तर' लिहिलंय ना तिथे, तू ते उलटं वाचतोयस, पाऊस पडला तर रस्ता ओला असणार हे वेगळं आणि रस्ता ओला दिसला म्हणजे पाऊसच पडला हे वेगळं, पाण्याचा टँकर पण गेला असेल. तो म्हणाला, हां. आणि कार्ड बदललं. दुसऱ्या मतदानात वर्ग बराचसा हिरवा. मॅडमनी त्या मुलीला टँकरचं उदाहरण सगळ्यांना सांगायला लावलं, आणि नंतर मला म्हणाल्या, "इतकी वर्षं मी ती व्याख्या बोर्डवर लिहितेय, अधोरेखित करून. 'तर' हा शब्द कुणी वाचतच नव्हतं."

पुढचा अडथळा मात्र वर्गातला नव्हताच. पोरं विचारायला लागली, हे परीक्षेला आहे का? नव्हतं. पेपर सगळा सूत्रात आकडे टाकून उत्तर काढायचा. जॉन बिग्ज यांचा १९९६ चा जो मुद्दा आहे की शिकवायचं काय, वर्गात करायचं काय आणि परीक्षेत विचारायचं काय हे तिन्ही एका रेषेत हवं, तो आम्ही लोक वर्कशॉपमध्ये घोकतो, पण प्रत्यक्षात पेपरचा ढाचा बदलायचा म्हणजे बोर्ड ऑफ स्टडीजची (अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळाची) मीटिंग, तिथे कुणीतरी म्हणणार पोरं नापास होतील, कुणी म्हणणार तपासायला वेळ लागेल. मॅडमनी मोठी लढाई टाळली, इंटर्नल मार्कांचा भाग त्यांच्या हातात होता, त्यात अर्थ लावायचे प्रश्न घातले. 'संशोधकाने असा निष्कर्ष काढला, चूक दाखवा' अशा धर्तीचे. पोरांनी कुरकुर केली, पण त्यानंतर चर्चेच्या वेळी वर्गात आवाज यायला लागला. मार्क असले की आवाज येतो, काय करणार.

आता मुख्य भानगड. सेमिस्टर संपलं, फीडबॅक फॉर्म आले आणि मॅडमचं रेटिंग घसरलं. थोडंथोडकं नाही, विभागात पहिल्या तिघांतून मधल्या घोळक्यात. खाली कमेंट, 'मॅडम आता शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात', 'आधीच्या बॅचला छान समजावून सांगायच्या म्हणे'. प्रमोशनच्या वर्षात.

मला याचं फार आश्चर्य वाटलं नाही, वाटायला नकोच होतं. २०१९ मध्ये हार्वर्डच्या फिजिक्सच्या वर्गांवर झालेल्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं, चर्चा-प्रश्नवाल्या वर्गातली पोरं टेस्टमध्ये जास्त शिकलेली निघाली, पण त्यांना स्वतःला वाटत होतं की आपण कमी शिकलो. सरळसोट लेक्चर ऐकताना डोक्याला त्रास होत नाही, आणि त्रास न होणं म्हणजेच कळणं असं माणूस धरून चालतो. त्याच अभ्यासात उपायपण होता, कोर्सच्या सुरुवातीलाच पोरांना हे समजावून सांगायचं. मला हे माहीत होतं. मी मॅडमना सांगितलं नाही. त्या घाबरतील, सुरू करण्याआधीच सोडून देतील असं वाटलं म्हणून दडवलं असंही म्हणा हवं तर. ही माझी एक चूक, पण मोठी म्हणतेय ती पुढे आहे.

एचओडी सरांनी मला बोलावलं. माणूस वाईट नाही, त्यांना खरंच मॅडमची बाजू मांडायची होती. म्हणाले, रेटिंग पडलंय, कमिटीसमोर काहीतरी दाखवायला हवं, तुम्ही वर्गात बसला होतात ना, एक पत्र द्या. मला वाटलं चांगलंच आहे, मी एक पान लिहून दिलं, मॅडमनी काय काय बदललं, पी व्हॅल्यूचा तास, सगळं कौतुकाचं. मॅडमना विचारलं नाही, म्हटलं त्यांच्या भल्याचंच आहे. आठवड्याने सरांचा मेल आला. कमिटीतल्या एकांनी विचारलंय की पत्रात 'सुरुवातीच्या ऑब्झर्वेशनच्या तुलनेत' असा उल्लेख आहे, तर ती सुरुवातीची ऑब्झर्वेशन्सही पाठवा.

ती म्हणजे ते पंचवीस रकाने. तीस प्रश्न आणि चार पोरं. पोरांचं 'पहिली ओळसुद्धा सुचत नाही' हे वाक्य. माझ्या वहीत कडेला खरडलेलं, 'स्वतःच उत्तर देतात, वर्ग झोपलाय'.

मी नाही म्हणाले. पण एव्हाना मॅडमना कळलं होतं की असे कागद आहेत आणि ते कमिटी मागतेय. त्यांचा फोन आला. आवाज चढवला नाही, उलट फार शांतपणे म्हणाल्या, "मी तुमच्यासमोर वाईट शिकवत होते, कारण तुम्ही मदतीला आलात असं मला वाटलं. परीक्षेला आला असतात तर मी माझा सगळ्यात चांगला तास दाखवला असता." आणि त्यानंतर दोन महिने त्या सेंटरकडे फिरकल्या नाहीत.

ते वाक्य मी अजून विसरलेले नाही, कारण आमच्या कामाचं सगळं मर्म त्यात आहे. कौतुकाचं पत्र देणं म्हणजेसुद्धा निकाल देणं. एकदा मी चांगलं पत्र दिलं की पुढच्या वेळी ज्याला पत्र नाही त्याच्याबद्दल लोकांनी काय समजायचं? मिशिगन विद्यापीठाचं सेंटर १९६२ पासून चालू आहे, अशा जुन्या सेंटरनी सल्लागाराचं बोलणं गोपनीय ठेवायचा नियम काही शिष्टाचार म्हणून केलेला नाही. वर्गात काय चुकतंय हे ज्याला सांगायचं तोच प्रमोशनच्या टेबलावर बसला, तर त्याला खरं कोण सांगेल? मी टेबलावर बसले नव्हते, नुसतं एक पान सरकवलं होतं, पण मॅडमच्या दृष्टीने फरक शून्य.

दुरुस्ती काय केली ते थोडक्यात सांगते. मी पत्र मागे घेतलं, लेखी, आणि सरांना व कमिटीला कळवलं की सेंटरच्या नोंदी मॅडमच्या मालकीच्या आहेत, त्यांना द्यायच्या असतील तर त्या देतील. वही मॅडमच्या हातात नेऊन दिली. आता आम्ही कुणाच्याही वर्गात पाऊल ठेवायच्या आधी एक पानाचा करार करतो, नोंदी शिक्षकाच्या, कॉपी आम्ही ठेवत नाही, वरिष्ठांना फक्त इतकंच कळणार की आम्ही भेटतो की नाही, आणि तेही शिक्षकाची हरकत नसेल तरच. कमिटीला वर्ग बघायचाच असेल तर बघावा, पण त्यासाठी वेगळी माणसं, वेगळी तारीख, आधी सांगून.

मॅडम परत आल्या त्या स्वतःच्या कामासाठी, पोर्टफोलिओ लिहायचा होता. आणि इथे त्यांनी मला चकित केलं. ते पंचवीस रकाने त्यांनी स्वतःहून पहिल्या पानावर लावले, शेजारी सेमिस्टरच्या शेवटचे रकाने. मी म्हटलं, नक्की? त्या म्हणाल्या, "माझे आहेत, मी दाखवते." (तोच कागद. मी दिला असता तर तक्रार, त्यांनी दिला तर पुरावा.) मग इंटर्नलचे प्रश्न, पोरांच्या उत्तरांचे नमुने नावं काढून, आणि मागच्या वर्षीच्या पेपरमधले काही प्रश्न मुद्दाम तसेच ठेवले होते त्यांची तुलना. फरक चांगल्या बाजूने होता. पण त्याखाली त्यांनीच लिहिलं की बॅच वेगळी आहे, कोर्सच्या सुरुवातीला टेस्ट घेतलेली नाही, त्यामुळे यावरून फार दावा करता येत नाही. मी म्हणाले हे वाक्य काढा, कमिटी धरून बसेल. त्या म्हणाल्या, मी सांख्यिकी शिकवते.

रेटिंगबद्दल एक परिच्छेद मात्र मी आग्रहाने घालायला लावला. २०१७ चं उटल आणि सहकाऱ्यांचं मेटा-ॲनालिसिस, की रेटिंग आणि पोरं प्रत्यक्ष किती शिकली याचा काही संबंध दिसत नाही. आणि टोरांटोतलं २०१८ चं प्रकरण, तिथल्या तेव्हाच्या रायरसन विद्यापीठात प्राध्यापक संघटना आणि विद्यापीठ यांच्या वादात लवादाने निर्णय दिला की शिकवणं किती परिणामकारक आहे हे ठरवायला पोरांचे हे फीडबॅक आकडे बढतीसाठी वापरायचे नाहीत. माझं स्वतःचं मत इतकं टोकाचं नाही. मॅडम वेळेवर येतात का, आवाज ऐकू येतो का, तपासलेले पेपर परत मिळतात का, अपमान करतात का, हे पोरांनाच माहीत असतं आणि त्यांनाच विचारावं. पण किती शिकलास हे त्यालाच विचारून त्याची दशांशात सरासरी काढायची आणि विभागात नंबर लावायचे, हे एखाद्या सांख्यिकीच्या विभागाने चालवून घ्यावं याची मला गंमत वाटते.

कमिटीने काय केलं? प्रकरण पुढच्या फेरीला ढकललं. नाकारलं नाही, दिलंही नाही. एका सदस्याला पोर्टफोलिओ आवडला, एकाला रेटिंगचा आलेख खाली गेलेला दिसला, आणि अशा वेळी कमिट्या जे करतात ते झालं. मॅडम चिडल्या, बरोबरच होतं. सोडून द्यावं सगळं, परत गुळगुळीत लेक्चर द्यावं असं त्यांच्या मनात येऊन गेलं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

सोडलं नाही. दुसऱ्या वर्षी पहिल्याच तासाला त्यांनी पोरांना हार्वर्डवाल्या अभ्यासाचे आलेख दाखवले आणि सांगितलं, तुम्हाला दर आठवड्याला वाटणार आहे की काही कळत नाही, आणि त्याच वेळी तुम्ही शिकत असणार आहात, पटत नसेल तर डेटा बघा. मागच्या बॅचच्या मुलीचं 'घरी पहिली ओळसुद्धा सुचत नाही' हे वाक्यही सांगितलं. कोर्सच्या सुरुवातीची टेस्टही या वेळी घेतली, दहा प्रश्नांची. रेटिंग वर आलं, जुन्या जागेपर्यंत नाही पण आलं, आणि प्रमोशन त्या फेरीत झालं. आता ते रेटिंगमुळे झालं, पोर्टफोलिओमुळे की कमिटीतले दोन लोक बदलल्यामुळे, हे मी सांगू शकत नाही. फॉर्मवर सरासरीचा रकाना अजून तसाच आहे, त्याच जागी, ठळक अक्षरात.

सध्या आम्ही कॉन्फिडन्स इंटरव्हलवर, म्हणजे सँपलवरून खऱ्या सरासरीसाठी काढलेल्या दोन आकड्यांच्या हद्दीवर, अडलोय. ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणजे खरी सरासरी या दोन आकड्यांमध्ये असायची शक्यता ९५ टक्के, असंच बहुतेक सगळ्यांना वाटतं. खरं तर ते ९५ टक्के या एका इंटरव्हलचे नाहीतच, ते पद्धतीचे आहेत, असे सँपल परत परत घेऊन इंटरव्हल काढत राहिलं तर शंभरातले साधारण पंचाण्णव खऱ्या सरासरीला धरतील. यावर प्रश्न तीनदा लिहिला, तीनही वेळा चर्चेनंतर वर्ग आणखीच ठामपणे चुकीच्या कार्डावर गेला, म्हणजे शेजाऱ्याने शेजाऱ्याला चुकीचंच पटवलं. मॅडमचं म्हणणं चुकीचे पर्याय आपण घरी बसून रचतोय म्हणून फसतंय, ते पोरांच्या उत्तरपत्रिकांतून उचलायला हवेत. त्यांनी एक गठ्ठा बाजूला काढून ठेवलाय, मंगळवारी बसायचंय.